खारं मडकं

चुलीमागच्या कोनाड्यात एक मडकं आहे.
पाणी भरत नाही त्यात, ताक नाही, काहीच नाही.
सुकांती तांडेलनं परत आणून दिलेलं,
तेरा वर्षं बांगडे मुरवून झाल्यावर.
"ह्याका पाझर सुटला गे, घे तुजें तुका."
बाहेरून मीठ फुलून आलंय त्याच्यावर,
भिंतीला लोणा लागतो तसं.
हवा ओली होणार असली
की माझ्या गुडघ्यांच्याही आधी
त्याला घाम फुटतो.

खानापुरात समुद्र असा येतो:
कारवारच्या गाडीच्या टपावर,
माडाच्या झावळीत बांधलेला.
बाजाराच्या दिवशी सुकांती माझ्या ओट्यावर
अर्धी जागा घ्यायची.
तिचा दर्या मी पाहिला नाही,
माझी भट्टी तिनं पाहिली नाही.
भांडवल मात्र दोघींचं एकच,
चार दिवसांचं ऊन.

ती वाळूवर मासळी पसरते,
मी अंगणात कच्ची मडकी.
उलथायचं, पालथायचं, कावळे हाकायचे.
चौथ्या दिवशी तिची तारली
काटकीसारखी मोडली पाहिजे,
माझं मडकं गालाला लावलं
तर गार लागता कामा नये.
एवढंच शास्त्र.

त्या साली आश्विन सरत आला होता.
पणत्यांची घाई, अंगणात पाय ठेवायला जागा नाही,
आणि कोनाड्यातून थेंब ओघळला.
पोरानं मोबाइल दाखवला, कन्नडमध्ये काहीतरी लाल लाल.
वादळाला नाव होतं.
बारसं कुणी केलं, कोण जाणे.

तीन दिवस.
एकशे साठ मडकी पुन्हा चिखल झाली,
जशी मी त्यांना कधी हातच लावला नव्हता.
पणत्या मोजल्याच नाहीत.

अणशी घाटात दरड, गाडी बंद.
पाच बाजार माझा अर्धा ओटा रिकामा.
मी तिथं काही मांडलं नाही.
लोक विचारत, "मावशी, सुकट वाली कुठं गेली?"
मी म्हणायचे, येईल की.

आली सहाव्या बाजारी. टोपली निम्मी.
चहा गार होईस्तोवर बोलली नाही, मग एकदम:
लाट रापणीच्या खोपीत शिरली,
वरून धरणाची दारं उघडली,
काळीचं गोडं पाणी एका रात्रीत खाडीत उतरलं.
खाऱ्या पाण्यातल्या तिसऱ्या,
तोंडं उघडून मेल्या, ढिगानं.
कांदळ आडवा झाला,
त्याच्यामागची चार घरं तेवढी उभी,
ज्यांनी तो तोडू दिला नव्हता.
"दर्याक आमची वळख ना गे आता," म्हणाली,
आणि माशी हाकली,
जी टोपलीवर बसली नव्हती.

होडी फुटली त्याला पैसे.
जाळं गेलं त्याला पैसे.
वाळूवर सडली ती मासळी बायकांची,
तिला रकाना नाही.
माझ्याकडंही तलाठी आला होता.
"भिंत पडली?" नाही.
"जनावर?" नाही.
"मग गेलं काय?"
मी अंगणाकडं बोट केलं.
तो म्हणाला, "चिखल आहे."
खोटं नव्हता बोलत.

जाताना तिनं नवं मडकं मागितलं.
माझ्याकडं होतं ते काठाला तडकलेलं.
"चलता," म्हणाली, पदरात गुंडाळून घेतलं,
पैसे देऊ लागली.
आम्ही दोघी त्यावर बराच वेळ भांडलो.

आता फाल्गुन आहे. आभाळात कापसाची काडी नाही.
अंगणात घागरी, दुसरा दिवस.
सकाळी चूल पेटवायला वाकले
तर कोनाड्याखाली जमीन ओली.

फोन लावला. वाऱ्याचा आवाज, मग ती.
"काय करलालीस गे?"
"मासळी घाल्या सुकूंक. वत आसा बरें."
"काढ," म्हटलं.
"आं?"
"काढून घे. मडकं रडलालंय."

ती हसली नाही.
फोन तसाच चालू ठेवून कुणाला तरी हाका मारल्या तिनं,
गोणपाट ओढल्याचा आवाज आला,
वाळूवर धावणारी बरीच पावलं.
मी एक घागर उचलली, गालाला लावली.
गार.
दुसरी उचलली.